अनुभव कमी, पद मोठं: मुलाखतीला कसं सामोरं जावं

मुळशी तालुक्यात नोकरीचे दोन पट्टे आहेत. हिंजवडी, माण, मारुंजीच्या बाजूला आयटी पार्क, आणि पौड रस्त्याने भूगाव, भुकूम ओलांडून पुढे गेलं की पिरंगुट-उरवडे भागातले कारखाने. एकीकडे टीम लीड आणि डिलिव्हरी मॅनेजरच्या जागा निघतात, दुसरीकडे शिफ्ट इनचार्ज आणि प्रॉडक्शन मॅनेजरच्या. प्रसंग मात्र दोन्हीकडे एकच घडतो. जाहिरातीत दहा वर्षांचा अनुभव आणि बी.ई.ची पदवी मागितलेली असते. आपल्याकडे सहा वर्षं आणि डिप्लोमा असतो. तरी अर्ज केलेला असतो आणि मुलाखतीचा फोन येतो. आनंदापाठोपाठ धास्तीही येते: आपण तिथे उघडे पडू का?

या धास्तीवर पहिला उतारा म्हणजे एक साधी गोष्ट लक्षात घेणं. बोलावणाऱ्यांनी तुमचा रेझ्युमे वाचलेला आहे. वर्षं किती कमी पडतात हे त्यांना ठाऊक आहे, आणि तरीही त्यांनी वेळ काढला आहे. ती उणीव तुम्ही स्वतः किती नेमकी ओळखता आणि ती भरून काढायला काय करणार, हे त्यांना मुलाखतीत पाहायचं असतं. म्हणून उणीव झाकू नये आणि तिच्याबद्दल माफीही मागू नये. ती मोजून समोर ठेवावी.

आधी अटींची वर्गवारी

जाहिरातीतल्या सगळ्या अटी सारख्या नसतात. त्यांचे तीन गट करा.

पहिला गट कायद्याच्या अटींचा. बॉयलर चालवायला बॉयलर अटेंडंटचं प्रमाणपत्र लागतं. औषध कारखान्यात उत्पादनावर देखरेख करणाऱ्या तांत्रिक व्यक्तीची पात्रता 1945च्या औषध नियमांत लिहिलेली आहे: फार्मसीची पदवी आणि औषधनिर्मितीचा किमान 18 महिन्यांचा अनुभव, किंवा रसायनशास्त्र मुख्य विषय घेऊन विज्ञानाची पदवी आणि 3 वर्षांचा अनुभव, असे काही पर्याय त्यात आहेत. कारखान्यातल्या सेफ्टी ऑफिसरची पात्रताही अशीच नियमांनी ठरते. इथे कागद नसेल तर कितीही चांगलं बोलून उपयोग नाही. कंपनीने डोळेझाक केली तरी तुम्ही त्या खुर्चीत बसू नका, कारण अपघात झाला तर जबाबदारी तुमच्यावरही येऊ शकते.

दुसरा गट कामाच्या अटींचा. ग्राहकाच्या ऑडिटला सामोरं जाता येणं, वीस-पंचवीस माणसांची शिफ्ट चालवणं, सॉफ्टवेअर रिलीजच्या रात्री निर्णय घेता येणं. हे यायलाच हवं, पण कुठे आणि कसं शिकलात याला फारसं महत्त्व नाही.

तिसरा गट चाळणीच्या अटींचा. अर्जांचा ढीग कमी करायला एचआर विभाग वर्षं आणि पदव्या लिहितो. या अटी वाकतात. पुणे जिल्ह्यातलंच प्रसिद्ध उदाहरण 1974चं आहे. टेल्को कंपनीच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं लिहिलेलं होतं. सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं, त्यांना पुण्यात मुलाखतीला बोलावणं आलं, तिथे तांत्रिक प्रश्नांची उत्तरं त्यांनी दिली आणि नोकरी मिळवली. त्यांची पात्रता कमी नव्हती, आड येत होती ती जाहिरातीतली ओळ. छापलेली अट म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे, एवढं त्यातून घ्यावं.

वर्षं मोजून काम कळतं का?

निवडप्रक्रियेवर जगभर भरपूर संशोधन झालं आहे. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी 1998 साली 85 वर्षांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. निवडीची कोणती कसोटी पुढच्या कामगिरीचा अंदाज किती बरोबर देते, हे त्यांनी 0 ते 1 या मापावर मांडलं. प्रत्यक्ष काम करून दाखवण्याच्या चाचणीला 0.54 आणि ठरावीक प्रश्नांच्या मुलाखतीला 0.51 मिळाले. अनुभवाच्या वर्षांना फक्त 0.18 आणि शिक्षणाच्या वर्षांना 0.10. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी 2022 साली हे आकडे पुन्हा तपासले तेव्हा बरेचसे खाली आले, पण ठरावीक प्रश्नांची मुलाखत 0.42 घेऊन सर्वांत वर राहिली.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा की वर्षांच्या मापात तुम्ही कमी पडत असाल, तर बोलणं कामाच्या नमुन्याकडे न्या. ते माप तुमच्याही सोयीचं आहे आणि कंपनीच्याही.

मात्र मुलाखत घेणाऱ्या पॅनेलची खरी शंकाही समजून घ्या. लॉरेन्स पीटर यांनी 1969 साली मांडलेलं तत्त्व व्यवस्थापनात सर्वांना ठाऊक आहे: खालच्या पदावर उत्तम काम करणारा माणूस बढती मिळत मिळत अशा पदावर पोहोचतो जिथे त्याला काम जमत नाही. उत्तम मशीन सेटर उत्तम मॅनेजर होईलच असं नाही. म्हणून ‘मी आत्ताचं काम फार चांगलं करतो’ एवढं सांगून भागत नाही. वरच्या पदाचं काम तुम्ही आधीच थोडंफार केलं आहे, हे दाखवावं लागतं.

तीन रकान्यांचा कागद

मुलाखतीच्या आधी एका कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात जाहिरातीतली अट, दुसऱ्यात तुमच्याकडचा जवळात जवळचा पुरावा, तिसऱ्यात उरलेली उणीव.

समजा, पिरंगुटच्या एका मशीन शॉपमध्ये तुम्ही सीनियर सुपरवायझर आहात आणि अर्ज प्रॉडक्शन मॅनेजरचा आहे. अट: 60 माणसांचा विभाग सांभाळणं. पुरावा: रात्रपाळीत 18 जणांची शिफ्ट, मॅनेजर रजेवर असताना महिनाभर दोन्ही शिफ्टचं प्लॅनिंग. उणीव: वार्षिक बजेट कधी केलं नाही. हिंजवडीतल्या डेव्हलपरचा कागदही असाच होईल. टीम लीडचं पद नसेल, पण तीन नव्या मुलांना तयार केलं असेल, एखादं मॉड्यूल आराखड्यापासून ग्राहकाच्या हाती देईपर्यंत नेलं असेल.

पुराव्यात आकडे लिहा. रिजेक्शन किती टक्क्यांवरून किती टक्क्यांवर आलं, सेटअपचा वेळ किती मिनिटांनी घटला, किती तक्रारी बंद केल्या. आकडा तुमचाच असावा आणि उलटतपासणीत टिकणारा असावा. कंपनीची गोपनीय माहिती, ग्राहकाचं नाव किंवा ड्रॉइंग मात्र बाहेर नेऊ नका.

प्रत्यक्ष उत्तरं

अनुभवाच्या प्रश्नाचं उत्तर चार पायऱ्यांत द्या: परिस्थिती काय होती, माझ्यावर काय जबाबदारी होती, मी काय केलं, निकाल काय लागला. ‘आम्ही केलं’ असं सांगत राहिलात तर तुमचा वाटा कळत नाही. सहकाऱ्यांचं श्रेय द्या, पण ‘मी’ काय केलं ते स्पष्ट बोला.

हमखास येणारा प्रश्न: ‘आम्हाला दहा वर्षांचा माणूस हवाय, तुमची सहाच आहेत.’ उत्तर साधारण असं असावं: ‘बरोबर आहे सर, चार वर्षं कमी आहेत. शिफ्ट प्लॅनिंग, क्वालिटी आणि कस्टमर ऑडिट ही कामं मी स्वतः केलेली आहेत. बजेट केलेलं नाही. पहिल्या तीन महिन्यांत अकाउंट्सबरोबर बसून मागच्या वर्षाचा खर्च समजून घेईन, आणि पुढच्या बजेटचा मसुदा तुमच्याकडून तपासून घेईन.’ यात कबुली आहे, पुरावा आहे आणि योजना आहे.

तांत्रिक प्रश्नाचं उत्तर आलं नाही तर थापा मारू नका. ‘हे मी केलेलं नाही, पण सुरुवात अशी करीन’ म्हणून विचाराची दिशा दाखवा. इंग्रजीत अडखळलात तर ‘हा मुद्दा मराठीत सांगू का?’ असं विचारायला हरकत नाही. शॉप फ्लोअरवरच्या माणसांशी त्यांच्या भाषेत बोलता येणं ही या पदासाठी ताकदच आहे.

पदाचं नाव किंवा तारखा फुगवू नका. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये पीएफच्या नोंदींवरून रुजू झाल्याच्या आणि सोडल्याच्या तारखा पडताळल्या जातात. सहा वर्षांच्या अनुभवाचा माणूस निवडला जाऊ शकतो, पण खोटं बोलणारा सापडला तर ऑफर रद्द होते.

तुमचे प्रश्न, आणि नंतर

शेवटी तुम्हालाही प्रश्न विचारायचे असतात. हे पद आधी कोणाकडे होतं आणि त्यांनी ते का सोडलं? पहिल्या सहा महिन्यांत काय झालं तर निवड योग्य ठरली असं मानाल? माणसं आणि खर्च याबाबत माझे अधिकार कुठपर्यंत? या उत्तरांवरून काम झेपेल का याचा अंदाज येतो. जबाबदारी मोठी पण अधिकार नाहीत असं दिसलं, तर थांबून विचार करा.

कधी मॅनेजरऐवजी असिस्टंट मॅनेजरची ऑफर मिळते. ती लगेच झिडकारू नका. सहा महिन्यांनी फेरविचार होईल आणि त्याचे निकष काय असतील, हे लेखी मागा. निवड झालीच नाही तर दोन ओळींचा ईमेल लिहून काय कमी पडलं ते विचारा. पदवी किंवा डिप्लोमा नसणंच आड येत असेल तर पुढे शिकण्याची वाटही बंद नाही. आयटीआयवाल्यांना डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो, आणि नोकरी सांभाळून शिकण्यासाठी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून उभं आहे.

पिरंगुट-हिंजवडीच्या वरच्या खुर्च्या आपल्यासाठी नाहीत, असं ठरवून अनेक जण अर्जच करत नाहीत. तसं करू नका. कायद्याची अट पूर्ण होत असेल आणि निम्म्याहून अधिक काम हाताखालून गेलेलं असेल, तर अर्ज करा, तीन रकाने भरा आणि जे आहे ते सरळ सांगा. नकार द्यायचा की नाही हे पॅनेलला ठरवू द्या, त्यांच्याआधी तुम्ही स्वतःला नकार देऊ नका.