उपशामक सेवा : प्राथमिक आरोग्य यंत्रणेची नवी जबाबदारी

‘आता करण्यासारखे काही उरले नाही, रुग्णाला घरी न्या,’ हे वाक्य आपल्या देशातील असंख्य कुटुंबांनी ऐकले आहे. या वाक्याबरोबर रुग्णालयाची जबाबदारी संपते. रुग्णाची वेदना, धाप, जखमांची दुर्गंधी आणि कुटुंबाची ओढाताण मात्र तेथूनच वाढू लागते. आजार बरा करता येत नसला तरी त्रास कमी करता येतो, हे तत्त्व ज्या सेवेच्या मुळाशी आहे, तिला उपशामक सेवा किंवा प्रचलित भाषेत पॅलिएटिव्ह केअर म्हणतात.

संकल्पना आणि गरज

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, जीवघेण्या आजाराला सामोरे जाणाऱ्या रुग्णांचे व त्यांच्या कुटुंबीयांचे जीवनमान सुधारणे हा या सेवेचा उद्देश आहे. तीत शारीरिक वेदनेबरोबरच मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक दुःखाचाही विचार होतो. ही सेवा केवळ कर्करोगासाठी किंवा अखेरच्या काही दिवसांसाठीच असते, हा समज चुकीचा आहे. पक्षाघात, मूत्रपिंड निकामी होणे, हृदय व फुप्फुसांचे जुनाट विकार, स्मृतिभ्रंश आणि वार्धक्यातील परावलंबित्व यांतही तिची गरज असते. मूळ उपचार चालू असतानाच ती सुरू करता येते.

जगात दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना या सेवेची गरज भासते. त्यांपैकी सुमारे ७८ टक्के लोक अल्प व मध्यम उत्पन्न गटांतील देशांत राहतात. प्रत्यक्षात ती मिळते केवळ १४ टक्के गरजूंना. भारतात २०११ च्या जनगणनेनुसार साठ वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींची संख्या १० कोटींहून अधिक होती. वाढते आयुर्मान आणि असंसर्गजन्य आजारांचे वाढते प्रमाण पाहता ही गरज वाढतच जाणार आहे.

आर्थिक बाजू

या प्रश्नाला महत्त्वाची आर्थिक बाजू आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्य खर्चात कुटुंबांनी स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट स्वागतार्ह असली, तरी असाध्य आजारात होणारी हानी या आकड्यात पूर्णपणे दिसत नाही. शहरातील रुग्णालयाच्या फेऱ्या, प्रवास, मुक्काम, सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी, शुश्रूषेसाठी रोजगार सोडणारी सून किंवा शाळा सोडणारी मुलगी यांची किंमत मोठी असते. अर्थशास्त्रात तिला संधिव्यय म्हणतात. शुश्रूषेचे हे विनामोबदला श्रम बहुधा स्त्रियांच्याच वाट्याला येतात. घराजवळ मिळणारी सेवा निष्फळ उपचारांवरील खर्च टाळते आणि कुटुंबाला कर्जबाजारी होण्यापासून वाचवू शकते.

केरळचा अनुभव

भारतात या सेवेची सुरुवात महानगरांत झाली. मुंबईत १९८६ मध्ये ‘शांती अवेदना’ ही संस्था उभी राहिली. परंतु शहरातील काही खाटांनी खेड्यांतील गरज भागत नाही. या मर्यादेवर केरळने उत्तर शोधले. कोळिकोड वैद्यकीय महाविद्यालयात १९९३ मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार व त्यांच्या सहकाऱ्यांनी पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी स्थापन केली. पुढे मलप्पुरम व शेजारच्या जिल्ह्यांत शेजारसमूहांचे जाळे निर्माण झाले. प्रशिक्षित स्वयंसेवक रुग्ण शोधतात, त्यांच्याशी बोलतात आणि शिधा किंवा मुलांच्या शिक्षणाची गरज हेरतात. परिचारिका व डॉक्टर वैद्यकीय बाजू सांभाळतात, अशी ही विभागणी होती.

२००८ मध्ये केरळने उपशामक सेवेचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. असे करणारे ते देशातील पहिले राज्य ठरले. या धोरणाने सेवेची जबाबदारी प्राथमिक आरोग्य यंत्रणा आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांच्यावर सोपवली. पंचायतीच्या निधीतून परिचारिका व वाहनाची सोय होते आणि अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या घरी नियमित भेट दिली जाते. याला पूर्वपीठिका होती. १९९६ च्या लोकनियोजन मोहिमेत राज्याने योजना खर्चाचा ३५ ते ४० टक्के हिस्सा स्थानिक संस्थांकडे वळवला होता. अधिकार आणि निधी दोन्ही हाती आल्यामुळे पंचायती ही जबाबदारी पेलू शकल्या. महाराष्ट्रानेही २०१२ मध्ये या विषयाचे धोरण स्वीकारले.

प्राथमिक पथकाची भूमिका

केंद्र शासनाने २०१२ मध्ये राष्ट्रीय उपशामक सेवा कार्यक्रम आखला. २०१८ पासून आयुष्मान भारत योजनेतील आरोग्य व निरामयता केंद्रांच्या बारा सेवांमध्ये वृद्ध व उपशामक सेवेचा समावेश झाला. २०२३ मध्ये या केंद्रांना ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ हे नाव मिळाले. मैदानी भागात सुमारे ५,००० व डोंगराळ किंवा आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, हा निकष लक्षात घेतल्यास घरोघरी पोहोचू शकणारी ही एकमेव सार्वजनिक यंत्रणा होय.

पथकातील कामाची वाटणी सरळ आहे. आशा कार्यकर्ती गृहभेटीत रुग्ण ओळखते. समुदाय आरोग्य अधिकारी व आरोग्यसेविका वेदनेचे मोजमाप, जखमेची मलमपट्टी, शय्याव्रण टाळण्यासाठी कूस बदलणे, मूत्रनलिकेची निगा ही कामे करतात आणि कुटुंबालाही ती शिकवतात. वैद्यकीय अधिकारी औषधयोजना ठरवतो आणि गुंतागुंत झाल्यास जिल्हा रुग्णालयाकडे पाठवतो.

मॉर्फिनचा अडसर

तीव्र वेदनेवर तोंडाने घेण्याचे मॉर्फिन हे प्रभावी व स्वस्त औषध आहे. त्याची अफू भारतातच कायदेशीररीत्या पिकते आणि नीमच व गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते. तरीही १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील अनेक परवाने व कठोर शिक्षेच्या धास्तीमुळे रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. २०१४ च्या दुरुस्तीने ‘अत्यावश्यक अमली औषधे’ हा वर्ग निर्माण करून मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांसाठी देशभर एकसमान पद्धती आणली. कायदा सुधारला, परंतु प्रशिक्षित डॉक्टर आणि खात्रीचा पुरवठा यांशिवाय त्याचा लाभ गावापर्यंत पोहोचणार नाही.

पुढील दिशा

केरळचा नमुना जसाच्या तसा इतरत्र उचलता येणार नाही. तेथील साक्षरता, सक्षम पंचायती आणि स्वयंसेवेची परंपरा सर्वत्र नाही. तथापि तीन गोष्टी सर्व राज्यांना शक्य आहेत : आरोग्य कर्मचाऱ्यांचे प्रात्यक्षिकासह प्रशिक्षण, प्रत्येक तालुक्यात मॉर्फिन उपलब्ध असलेले किमान एक केंद्र आणि गृहभेटींसाठी ग्रामपंचायत आराखड्यात स्वतंत्र तरतूद. आशा कार्यकर्तीवर आधीच अनेक कामांचा भार असल्याने या कामाचा वेगळा मोबदलाही द्यावा लागेल.

संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्कात प्रतिष्ठेने जगण्याचा हक्क अंतर्भूत असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मानले आहे. २०१८ च्या निकालात ही प्रतिष्ठा मृत्यूच्या प्रक्रियेपर्यंत विस्तारली. माता व बालमृत्यू दर हे आरोग्यव्यवस्थेचे परिचित निकष आहेत. ज्यांना बरे करता येत नाही, त्यांना ती कसे वागवते, हाही तितकाच महत्त्वाचा निकष मानायला हवा.