इसबाचा वारसा आणि जीवाणूंचे आश्वासन

वाडवडिलांकडून जमीनजुमला आणि नाव जसे पुढच्या पिढीकडे येते, तशी काही व्याधींची प्रवणताही येते. दमा, वारंवार येणाऱ्या शिंका आणि इसब हे तीन विकार बहुधा एकाच कुटुंबात नांदताना आढळतात. आईवडिलांपैकी एकाला यांपैकी काही असेल, तर अपत्याला इसब होण्याचा संभव वाढतो आणि दोघांनाही असेल, तर तो आणखी वाढतो. तान्ह्या मुलाच्या गालांवर, पुढे कोपराच्या व गुडघ्याच्या मागच्या घडीत लाल, खरबरीत चट्टे उमटतात. रात्रभर मूल खाजवते आणि मुलाबरोबर सारे घर जागते. अशा घरात दुसऱ्या अपत्याची चाहूल लागली, की पहिला प्रश्न येतो तो हाच : हे टाळता येईल काय?

या प्रश्नाला फिनलंडमधील तुर्कू येथून २००१ साली एक आशादायक उत्तर मिळाले. डॉ. एरिका इसोलाउरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांच्या निकटच्या कुटुंबात असे विकार होते अशा १५९ गर्भवती स्त्रिया निवडल्या. प्रसूतीपूर्वी दोन ते चार आठवडे त्यांतील निम्म्या स्त्रियांना ‘लॅक्टोबॅसिलस जीजी’ या जीवाणूच्या कुप्या आणि उरलेल्यांना तशाच दिसणाऱ्या निर्गुण कुप्या देण्यात आल्या. जन्मानंतर सहा महिने हाच क्रम आईच्या किंवा बाळाच्या द्वारे चालू राहिला. कोणाला काय मिळते आहे, हे पालकांना अथवा तपासणाऱ्या डॉक्टरांना ठाऊक नव्हते. दोन वर्षांनी पाहता, निर्गुण कुप्या मिळालेल्या गटातील ४६ टक्के मुलांना इसब झालेला होता. जीवाणू मिळालेल्या गटात हे प्रमाण २३ टक्के, म्हणजे नेमके निम्मे होते. मुले चार वर्षांची झाली तेव्हाही हा फरक बव्हंशी टिकून होता.

कल्पनेची पूर्वपीठिका

ही कल्पना आकाशातून पडलेली नव्हती. आंबवलेल्या दुधातील जीवाणू मनुष्यास उपकारक असतात, हे मत पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील एली मेचनिकॉफ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच मांडले होते. पुढे १९८९ साली डेव्हिड स्ट्रॅचन या ब्रिटिश संशोधकाने सतरा हजारांहून अधिक मुलांच्या माहितीवरून दाखविले, की ज्यांना थोरली भावंडे अधिक, त्यांना परागज्वर कमी. बालपणी सूक्ष्मजीवांशी येणारा संपर्क शरीराच्या प्रतिकारशक्तीला शहाणपण शिकवितो आणि तो संपर्क तुटला, की ती निरुपद्रवी वस्तूंवरही शस्त्र उगारते, असा तर्क त्यातून निघाला. नवजात अर्भकाच्या आतड्यात योग्य जीवाणूंची वस्ती वेळीच करून दिली, तर वारशाने आलेला धोका बोथट होईल, ही तुर्कूच्या प्रयोगामागील भूमिका होती.

दुसरी बाजू

तथापि विज्ञानात एका प्रयोगाने निकाल लागत नाही. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे त्याच जीवाणूचा, जवळजवळ त्याच पद्धतीने, १०५ गर्भवती स्त्रियांवर प्रयोग झाला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत इसबाचे प्रमाण एका गटात २८ टक्के, तर दुसऱ्यात २७ टक्के निघाले. फरक शून्यवत. इतकेच नव्हे, तर छातीत वारंवार घरघर होणारी मुले जीवाणू मिळालेल्या गटातच अधिक होती. त्याच वर्षी न्यूझीलंडमधून आलेला वृत्तान्त तितकाच बोधप्रद होता. तेथे दोन वेगवेगळे जीवाणू तपासले गेले. एकाने दोन वर्षांच्या वयापर्यंतचे इसबाचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आणले. दुसऱ्याचा काहीच परिणाम झाला नाही.

याचा अर्थ स्पष्ट आहे. ‘प्रोबायोटिक’ हे एका औषधाचे नाव नव्हे. ते एका मोठ्या जमातीचे नाव आहे. एकाच जातीच्या जीवाणूंतही उपजातीगणिक गुण बदलतात. म्हणूनच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०११ साली केलेल्या मार्गदर्शक सूचनांत प्रत्येक उपजातीची ओळख आणि तिचा पुरावा स्वतंत्रपणे मागितला आहे. घरच्या विरजणाचे दही पौष्टिक आहे, यात शंका नाही. पण त्यात कोणते जीवाणू किती आहेत हे मोजलेले नसते. तुर्कूचे फळ दह्याच्या वाटीत शोधणे यास्तव सयुक्तिक ठरत नाही.

मुळात इसबाचे कारण केवळ आतड्यात नाही. २००६ साली स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांनी त्वचेचा बाह्य थर घट्ट राखणाऱ्या ‘फिलॅग्रिन’ या प्रथिनाच्या जनुकातील दोष इसबाशी निगडित असल्याचे दाखविले. भिंतीचा गिलावाच कच्चा असेल, तर ओल बाहेर जाते आणि उपद्रवी द्रव्ये आत शिरतात. परंतु हा दोष असलेल्या प्रत्येकाला इसब होत नाही आणि इसब असलेल्या पुष्कळांत हा दोष आढळत नाही. वारसा म्हणजे ललाटलेख नव्हे. त्याचबरोबर, कच्ची भिंत बाहेरून लिंपणे हाही रामबाण उपाय नाही. ब्रिटनमध्ये सुमारे चौदाशे नवजात बालकांवर झालेल्या प्रयोगात वर्षभर रोज मलम लावूनही इसब टळला नाही, असे २०२० साली दिसून आले.

पालकांनी काय करावे?

जागतिक अ‍ॅलर्जी संघटनेने २०१५ साली, अधिक धोका असलेल्या कुटुंबांत गर्भवती व स्तनदा मातांनी आणि अर्भकांनी प्रोबायोटिक घेण्यास सशर्त अनुकूलता दर्शविली. परंतु आपला आधार अत्यंत दुर्बळ पुराव्याचा आहे, हेही त्याच दमात सांगितले. जाहिरातींत अनुकूलता तेवढी उरते, अट गळून पडते. इसब एकदा झाल्यावर तो बरा करण्यासाठी तर हे जीवाणू फारसे उपयोगी नाहीत, असा अनेक प्रयोगांच्या एकत्रित परीक्षणाचा निर्वाळा आहे. अपुऱ्या दिवसांच्या बालकांना ते देणे धोक्याचे ठरू शकते, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ साली दिला. तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून महागड्या पुड्यांवर महिन्याच्या पगाराचा हिस्सा खर्च करण्याचे कारण नाही. झालेल्या इसबावर त्वचा मऊ ठेवणारी साधी मलमे आणि वैद्याने सांगितलेले औषध नियमाने लावणे, हाच आजही खात्रीचा मार्ग आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. मुलाच्या अंगावर चट्टे दिसताच, गरोदरपणी आईने काय खाल्ले आणि काय टाळले, याची झडती पुष्कळ घरांत सुरू होते. टाळण्याचा हमखास उपाय जिथे शास्त्रालाच अद्याप सापडलेला नाही, तिथे तो न केल्याचा दोष मातेच्या माथी मारणे हा निव्वळ अन्याय आहे. तुर्कूने उघडलेले दार बंद झालेले नाही. कोणता जीवाणू, कोणत्या बालकाला, कोणत्या वेळी, याचा शोध चालूच राहील. तोवर रात्री जागणाऱ्या आईला उपदेशापेक्षा घरच्यांच्या हातभाराची गरज अधिक आहे.