रया गेलेले हॉटेल: इंग्लंडच्या खेड्यातील एका जुन्या संस्थेचा परिचय

इंग्लंडच्या ग्रामीण भागात जुन्या गाडीरस्त्याला तोंड करून उभे असलेले हॉटेल वास्तू म्हणून एकच दिसले, तरी व्यवहारात ते तीन धंद्यांचे मिळून बनलेले असते: तळमजल्यावर मद्यालय, त्याला लागून भोजनगृह, आणि वरच्या मजल्यांवर मुक्कामाच्या मोजक्या खोल्या. या तिघांत खोल्यांचा मान बहुधा शेवटचा असतो, कारण गावकऱ्यांचा रोजचा राबता खालच्या मद्यालयात असतो आणि गल्ल्यात पैसाही प्रामुख्याने तिथूनच पडतो. मुक्कामाचा पाहुणा मात्र हॉटेलची पारख खोलीवरून करतो. विटलेला गालिचा, करकरणारी लाकडी जमीन, मध्येच संपणारे गरम पाणी आणि रात्री नऊनंतर बंद झालेले स्वयंपाकघर या त्याच्या ठरलेल्या तक्रारी आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याचशा आळसातून नव्हे, तर इमारत, कायदा आणि मालकी यांच्या इतिहासातून आलेल्या आहेत. काही तक्रारींना मात्र इतिहासाची ढाल लावता येत नाही.

या संस्थेचा भरभराटीचा काळ घोड्यांच्या गाड्यांचा होता. जॉन पामर यांच्या योजनेनुसार २ ऑगस्ट १७८४ रोजी ब्रिस्टलहून लंडनकडे पहिली वेगवान टपालगाडी निघाली, आणि पुढील काही दशकांत साधारणपणे दर दहा मैलांवर घोडे बदलणाऱ्या गाड्यांचे जाळे देशभर पसरले. वाटेवरच्या सरायीला, म्हणजे तिथे जिला ‘इन’ म्हणतात त्या संस्थेला, या गाड्यांनी तिचे आजचे रूप दिले: गाडी आत घेता येईल अशी उंच कमान, मागे फरसबंद आवार, आवाराच्या कडेने तबेले आणि वर निजण्याच्या खोल्या. आज त्या तबेल्यांत जादा खोल्या काढलेल्या असतात आणि आवारात मोटारी उभ्या असतात, पण कमानीखालून आत येणारा वारा आणि तिच्यावर असलेल्या खोलीतला गारठा यांत काही बदल झालेला नाही.

त्या भरभराटीच्या काळातही पाहुणे खूश होतेच असे नाही. जॉन बिंग या प्रवासी उमरावाने १७८१ ते १७९४ या काळात लिहिलेल्या रोजनिशांत सरायींची बिले जपून ठेवली आणि वाईट जेवण, मग्रूर नोकर यांबद्दल भरपूर कुरकुर केली. त्याहून बोलका अनुभव कार्ल फिलिप मोरित्झ या जर्मन लेखकाचा आहे. १७८२ मध्ये तो इंग्लंडातून पायी फिरला आणि केवळ पायी आला म्हणून त्याला एकामागून एक सरायींनी दार बंद केले. गाडीने न येणारा माणूस भिकारी किंवा चोर असणार, हे तिथले सरळ गणित होते. पाहुण्याला त्याच्या खिशाच्या अंदाजावरून जोखण्याची ही खोड चालकांना फार जुनी आहे.

कायद्याने मात्र ही मुभा कधीच पूर्णपणे दिली नव्हती. इंग्लंडच्या परंपरागत कायद्यानुसार, म्हणजे संसदेच्या ठरावांपेक्षा न्यायालयांच्या निवाड्यांतून घडत गेलेल्या कायद्यानुसार, इनच्या चालकाने जागा असल्यास आणि पाहुणा वाजवी मोबदला देण्यास तयार व सुस्थितीत असल्यास त्याला आश्रय देणे बंधनकारक होते. त्याच्या सामानाची जबाबदारीही चालकावरच होती. आपल्याकडील धर्मशाळेच्या पाठीशी दात्याचे पुण्य उभे असे; तिथे त्या जागी न्यायालय उभे होते. हे बंधन प्रत्यक्षात किती तोकडे पडे, हे दोन खटल्यांवरून दिसते.

पहिल्या खटल्याची पार्श्वभूमी सायकलींची आहे. १८३० नंतर रेल्वेने गाडीरस्ते ओस पाडले, तबेले रिकामे झाले आणि खेड्यातली कितीतरी हॉटेले गावच्या गुत्त्याच्या पायरीला येऊन बसली. त्यांना पुन्हा गिऱ्हाईक दिले ते सायकलस्वारांनी. १८७८ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब म्हणून ओळखल्या गेलेल्या संघटनेने हॉटेलांशी दर ठरवले आणि मान्यताप्राप्त हॉटेलांच्या भिंतीवर पंख असलेल्या चाकाची पाटी लावली. ऑक्टोबर १८९८ मध्ये सरे परगण्यातील ऑकम या खेड्यात होबॉय हॉटेलच्या चालिकेने लेडी हार्बर्टन यांना कॉफीकक्षात, म्हणजे प्रतिष्ठित पाहुण्यांच्या भोजनाच्या खोलीत, बसू देण्यास नकार दिला, कारण सायकल चालवण्यासाठी त्यांनी घोळदार झग्याऐवजी विजार घातली होती. क्लबने खटला भरला आणि १८९९ मध्ये तो हरला: हॉटेलात दुसऱ्या खोलीत खाणे देऊ केलेले होते, तेव्हा आश्रय नाकारला असे म्हणता येत नाही, अशी पळवाट निघाली. ती दुसरी खोली मद्यालयाची होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या पळवाटेतला अपमान उमगतो.

दुसरा खटला लंडनमधल्या मोठ्या हॉटेलाचा असला, तरी त्यातला कायदा खेड्यातल्या इनचाच आहे. १९४३ मध्ये वेस्ट इंडीजचे नामवंत अष्टपैलू लिअरी कॉन्स्टंटाइन लॉर्ड्सवरील सामन्यासाठी सहकुटुंब आले असता, आधी आरक्षण केलेले असूनही, त्यांच्या वर्णामुळे इम्पीरियल हॉटेलने त्यांना ठेवून घेण्यास नकार दिला. १९४४ मध्ये न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि भरपाई म्हणून पाच गिनी देवविल्या. रक्कम नाममात्र, तत्त्व मात्र मोठे. तरीही वर्णभेदावर थेट बंदी घालणारा पहिला कायदा यायला १९६५ उजाडावे लागले.

या जुन्या बंधनाचा आजचा अवशेष स्वागतकक्षाजवळच्या एका सूचनापत्रात सापडतो, जे बहुतेक पाहुणे वाचत नाहीत. १९५६ च्या हॉटेल प्रोप्रायटर्स ॲक्टनुसार, असे पत्र ठळकपणे लावलेले असल्यास, हरवलेल्या सामानाबद्दल चालकाची जबाबदारी एका वस्तूमागे ५० पौंड आणि एका पाहुण्यामागे एकूण १०० पौंड एवढ्यापुरती मर्यादित राहते. चूक चालकाची किंवा त्याच्या नोकराची असेल, तर ही मर्यादा लागू होत नाही. वाहने आणि घोडे या जबाबदारीतून पूर्णपणे वगळलेले आहेत. रकमा तेव्हा भरघोस होत्या. आज त्यांत एक बरा कोटही येत नाही.

सायकलींपाठोपाठ मोटारी आल्या. ऑटोमोबाइल असोसिएशन या मोटारचालकांच्या संघटनेने १९१२ मध्ये हॉटेलांना तारे देण्यास सुरुवात केली, आणि आज जगभर रुळलेल्या तारांकनाचा हा एक आरंभ मानला जातो. याच सुमारास वूस्टरशायरमधील ब्रॉडवे या खेड्यातले लायगन आर्म्स हे हॉटेल सिडनी रसेल यांनी विकत घेतले आणि त्याच्या दुरुस्तीत जुने फर्निचर जमवून नीट करण्याचे काम इतके जिव्हाळ्याने केले, की त्या कार्यशाळेत घडलेला त्यांचा मुलगा गॉर्डन पुढे देशातला अग्रगण्य फर्निचर-रचनाकार झाला. हॉटेलची रया टिकवायची तर सुताराला कायमचे काम द्यावे लागते, हा या उदाहरणाचा अर्थ आहे, आणि तो खर्च बहुतेक चालकांना झेपत नाही.

न झेपण्याचे एक कारण मालकीच्या पद्धतीत आहे. इंग्लंडमधली पुष्कळ मद्यालये आणि त्यांना जोडलेली हॉटेले बीअर बनवणाऱ्या कंपन्यांच्या मालकीची होती. चालक हा भाडेकरू असे आणि भाड्याबरोबरच मालक कंपनीचीच बीअर तिने ठरवलेल्या भावाने घेण्यास बांधील असे. १९८९ च्या सरकारी आदेशांनी दोन हजारांहून अधिक मद्यालये बाळगणाऱ्या कंपन्यांवर मर्यादा आणली, तेव्हा त्यांनी विकलेली मद्यालये मोठ्या प्रमाणावर नव्या गुंतवणूकदार कंपन्यांनी घेतली, आणि बांधिलकीचे फक्त धनी बदलले. ज्या भाडेकरारात दुरुस्तीचा सारा भार चालकावर असतो, त्यात चार-पाच वर्षांसाठी आलेला माणूस दुसऱ्याच्या इमारतीचे छप्पर कशासाठी बदलेल? तो रंगाचा एक हात फिरवतो आणि पुढच्यासाठी गळती ठेवून जातो.

दुसरे कारण दोन कायद्यांच्या ओढाताणीचे आहे. २६ डिसेंबर १९६९ रोजी सॅफ्रन वॉल्डन या गावातील रोज अँड क्राउन या जुन्या हॉटेलला आग लागून ११ जण दगावले, आणि त्यानंतरच्या १९७१ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याने हॉटेलांना प्रमाणपत्र घेणे भाग पाडले. अरुंद मार्गिकेत दर काही पावलांवर लागणारी, सामान हातात असताना ढकलता न येणारी आणि रात्री धाडकन मिटणारी जड दारे तेव्हापासून आली. त्यांच्याबद्दल कुरकुर करणाऱ्याने ते ११ जण आठवावेत. याउलट ऐतिहासिक म्हणून सरकारी यादीत नोंदलेल्या इमारतीत, ही यादी १९४७ च्या नियोजन कायद्यापासून रूढ झाली, साधी खिडकी बदलण्यासाठीही परवानगी लागते. म्हणून एकेरी काचेतून वारा येत राहतो आणि तिरकी जमीन तिरकीच राहते.

खोलीच्या आतली गाऱ्हाणी अधिक गमतीची आहेत. एकाच बेसिनवर गरम आणि थंड पाण्याचे दोन वेगळे नळ पाहून परदेशी पाहुणा चक्रावतो, कारण एकाखाली हात भाजतो आणि दुसऱ्याखाली गोठतो. जुन्या इंग्रजी घरांत थंड पाणी थेट सार्वजनिक जलवाहिनीतून येई, तर गरम पाणी माळ्यावरच्या टाकीतून उतरून तापवले जाई. टाकीतले पाणी पिण्यालायक मानले जात नसल्यामुळे दोन्हींची सरमिसळ टाळली जाई. शॉवरची बारीक धार हेही त्याच टाकीचे देणे, कारण टाकी खोलीच्या जेमतेम काही फूट वर असली, तर पाण्याला जोर येणार कुठून? तापवलेले पाणी साठवणाऱ्या तांब्याच्या पिंपाची क्षमता ठरलेली असल्यामुळे सकाळी तिसऱ्या खोलीतल्या पाहुण्याची अंघोळ झाली, की पाचव्या खोलीत गारठा येतो. खोलीतले न्हाणीघरही मूळचे नसतेच: पूर्वी ते मार्गिकेच्या टोकाला सर्वांत मिळून एक असे, आणि नंतर खोलीचा कोपरा पातळ फळ्यांनी तोडून ते आत घुसवले गेले, त्यामुळे शेजारचा पाहुणा किती वाजता उठला हे सर्वांना कळते. चहाची किटली, दुधाच्या इवल्याशा डब्या आणि दोन बिस्किटे ठेवलेला ट्रे हा या सगळ्यातला दिलासा आहे. बाहेर पाऊस पडत असताना स्वतःच्या हाताने चहा करून घेण्याची ही सोय भल्या भल्या महागड्या हॉटेलांना सुचत नाही.

पाहुण्यांच्या या बोलण्याला वजन आले ते ग्रंथांमुळे. थेम येथील स्प्रेड ईगल हे हॉटेल १९२२ ते १९३१ या काळात चालवणाऱ्या जॉन फॉदरगिल यांनी १९३१ मध्ये आपली रोजनिशी छापली. पैसे न देता स्वच्छतागृह वापरून जाणाऱ्यांशी त्यांचा उभा दावा होता, आणि नकोशा गिऱ्हाइकाला बाहेर काढताना ते मुळीच संकोचत नसत. चालकाची बाजू इतक्या बेमुर्वतपणे क्वचितच कोणी मांडली असेल. १९५१ मध्ये रेमंड पोस्टगेट यांच्या संपादनाखाली निघालेल्या ‘गुड फूड गाइड’ने बाजू उलटवली: सामान्य ग्राहकांनी स्वतःच्या पैशाने जेवून पाठवलेल्या अभिप्रायांवर ते पुस्तक उभे होते. १९७८ पासून हिलरी रुबिन्स्टाइन यांनी ‘गुड हॉटेल गाइड’मधून तीच रीत मुक्कामाला लावली. निनावी, पदरमोड करून केलेली पारख ही त्यांची मोठी देणगी आहे, आणि आजच्या घाईच्या शेऱ्यांपेक्षा ती कितीतरी जबाबदार होती.

या पारखीच्या कसोटीवर करकरणारी जमीन, जड दारे आणि दोन नळ माफ करता येतात. ओलसर अंथरूण, खिडकीतली मेलेली माशी आणि पाहुणा दारात उभा असताना मान वर न करणारा चालक यांना मात्र कोणतेही शतक जबाबदार नसते. इंग्लंडच्या खेड्यात उतरू इच्छिणाऱ्या मराठी प्रवाशाने खोली मद्यालयावर येते काय आणि स्वयंपाकघर किती वाजता बंद होते, हे आरक्षणापूर्वीच विचारून घ्यावे. रविवारी संध्याकाळी आणि सोमवारी पुष्कळ ठिकाणी जेवण मिळत नाही. शाकाहारी माणसाने न्याहारीबद्दलही आदल्या रात्रीच सांगून ठेवावे, म्हणजे सॉसेज आणि बेकनच्या जागी भाजलेली मशरूम, टोमॅटो आणि बीन्स वेळेवर मिळतात.