न दुखणारी जखम

मधुमेह्याच्या तळपायाची जखम दुखत नाही, म्हणजे ती किरकोळ आहे, असा समज सर्रास आढळतो. खरं तर न दुखणं हेच तिथलं मुख्य दुखणं. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या मज्जातंतूंची संवेदना जाते (न्यूरोपॅथी). चपलेत खडा गेला तर आपण दोन पावलांत थांबून तो झटकतो. असा रुग्ण त्याच खड्यावर दिवसभर चालतो. पुढे ड्रेसिंग नियमित होतं, पण चालणंही सुरूच राहतं. ओल्या कोब्यावर कुणी येत-जात राहिलं, तर गवंडी कितीही कसबी असो, कोबा धरणार नाही. म्हणून जखमेवरचा भार काढणं (ऑफलोडिंग) हा उपचाराचा कणा. त्यासाठी पायाला सर्व बाजूंनी नेमकं बसणारं प्लास्टर घालतात. वेल्लोरला कुष्ठरुग्णांच्या पायांवर काम केलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी हे तंत्र पुढे अमेरिकेत रुजवलं.

झाकलेली जखम आत चिघळेल, ही शंका रास्त आहे. म्हणूनच आधी जंतुसंसर्ग आणि पायाची नाडी तपासतात. रक्तपुरवठा अडला असेल, तर फुग्याने धमनी रुंद करणं (अँजिओप्लास्टी) शक्य असतं. त्याची चौकशी न करता पाय कापायला होकार देऊ नये. मात्र संसर्ग झपाट्याने पसरत असेल तर शस्त्रक्रिया लांबवणं जिवावर बेततं. भरलेली जखम म्हणजे सुटका नव्हे: सुमारे ४० टक्के रुग्णांना वर्षभरात पुन्हा जखम होते. रोज रात्री तळवे आरशात पाहा, आणि चपला घालण्यापूर्वी आत हात फिरवा.