दारणेच्या पात्रांतील एक लहानसा शेजारी

मासा म्हटला, कीं आमच्या बहुतेक वाचकांचा त्याच्याशीं संबंध मत्स्यावताराच्या कथेपुरताच असावयाचा. हात धुतांना मनूच्या ओंजळींत एक इवलासा मासा आला आणि मोठ्या माशांपासून आपलें रक्षण करावें अशी त्यानें विनवणी केली, ही शतपथ ब्राह्मणांतील कथा पुष्कळांच्या परिचयाची आहे. ओंजळींत मावेल अशाच एका माशाची हकीकत आज आम्ही सांगणार आहों. आणि तो आपल्या नाशिक जिल्ह्यांतलाच आहे.

इगतपुरीकडील डोंगरांत उगम पावून दारणा नदी देवळालीजवळून वाहते व पुढें गोदावरीस मिळते. सन १९३८ सालीं डॉ. सुंदरलाल होरा व के. एस. मिश्र या प्राणिशास्त्रज्ञांनीं या नदींतील एका नव्या जातीचें वर्णन मुंबईच्या निसर्गेतिहास मंडळाच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. मंडळाचे क्यूरेटर एस. एच. प्रेटर यांच्या गौरवार्थ तिचें नांव 'पॅराप्सिलोऱ्हिंकस प्रेटेराय' असें ठेविलें. त्यापूर्वीं सुमारें शंभर वर्षें कर्नल सायक्सनें दख्खनच्या माशांस नांवें देतांना 'मुल्या' यासारखीं इकडचींच नांवें शास्त्रांत नेलीं होतीं. या देवळालीकरास मात्र साहेबाचें नांव मिळालें!

या वंशांतील मासे डोंगरी प्रवाहांच्या खळखळत्या पाण्यांत राहतात, आणि त्यांची घडणही त्या पाण्याजोगीच असते. पोट सपाट, तोंड खालच्या बाजूस, छातीजवळचे पर दोन्ही अंगांस आडवे पसरलेले; त्यामुळें लोंढा अंगावरून निघून जातो व मासा दगडास धरून राहतो. दगडांवरील शेवाळाचा पातळ थर खरवडून त्यांची उपजीविका चालते. म्हणजे त्यांस हव्या त्या गोष्टी तीनच: वाहतें पाणी, त्यांत विरघळलेला भरपूर प्राणवायु आणि स्वच्छ गोटे.

नेमक्या याच तीन गोष्टी आपण नद्यांपासून काढून घेत आलों आहों. पाणी अडलें, कीं त्याचा वेग मंदावतो. गाळ खालीं बसून गोटे झांकले जातात व शेवाळास ऊन मिळत नाहीं. सांडपाणी नदींत आलें, कीं तें कुजतांना प्राणवायु खाऊन टाकतें. रेतीसाठीं पात्र उपसलें, कीं थाराच नाहींसा होतो. अनेक नद्यांत पसरलेल्या जातीस एक प्रवाह बिघडला तरी दुसरा असतो. याचें ज्ञात असें घर दारणा हेंच. म्हणूनच आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादींत तो अत्यंत संकटांत सांपडलेल्या जातींमध्यें गणला गेला आहे.

घरांतील कोणी वडीलधारे विचारतील, कीं ज्या माशाचा आपणांस कांहीं उपयोग नाहीं, त्याची एवढी चिंता कशाला? आमचें उत्तर असें, कीं जें पाणी त्यास सोसवत नाहीं, तें आपल्या लेंकरांसही फार काळ मानवणार नाहीं. नाशिककर गोदावरीस गंगा म्हणतात. त्या गंगेस मिळणारी दारणा मलिन ठेवून गंगा निर्मळ राहणार नाहीं.

दारणेकांठीं सहलीस जाल, तेव्हां पाण्यांत कांहीं टाकूं नका. मुलांनीं एखादा गोटा उचलून पाहिला, तर तो होता तसा पुन्हां ठेववावा. मनूनें आपल्या माशास प्रथम घागरींत ठेविलें, मग खड्ड्यांत, आणि शेवटीं समुद्रांत नेऊन सोडलें. आपल्या या शेजाऱ्यास घागरही नको आणि समुद्रही नको. त्याची नदी तेवढी वाहती राहिली म्हणजे पुरे.