काळी मारबत काळीच दिसावी म्हणून

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात मारबतीची, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते. काळी मारबत 1881 पासूनची, पिवळी 1885 पासूनची. सोबत बडगे, म्हणजे आणखी पुतळे, असतात आणि इतवारीकडच्या रस्त्यांत पाय ठेवायला जागा नसते. आमच्या नंदनवनातून हे सगळं जवळच. त्यामुळे इकडच्या पोरापोरींच्या हातात नवा कॅमेरा आला की त्याची पहिली खरी परीक्षा बहुधा याच मिरवणुकीत होते. संध्याकाळी फोटो पाहताना तक्रार ठरलेली: काळी मारबत करडी, धुरकट आली आणि पिवळी मळकट. घरचे म्हणतात, जरा महागातला घ्यायला हवा होता. पण इथे किमतीचा काही संबंध नाही.

कॅमेऱ्यातला मीटर समोरच्या वस्तूवरून किती उजेड परत येतो, ते मोजतो. ती वस्तू मुळात काळी आहे की पांढरी, हे त्याला कळत नाही. म्हणून तो एक गृहीत धरून चालतो, की सगळं मिळून सरासरी मध्यम करडं असेल. काळी मारबत चौकटभर आली की त्याला वाटतं उजेड कमी आहे. तो फोटो उजळतो आणि काळ्याचं करडं होतं. पिवळीच्या वेळी उलट. आताचे कॅमेरे चौकटीचे अनेक भाग पाडून हिशेब करतात, चेहराही ओळखतात, तरी अशा टोकाच्या रंगांपुढे फसतात.

यावरचा इलाज अधिक-उणे चिन्हाच्या बटणात आहे. माझं ठाम मत आहे की नवशिक्याने पूर्ण मॅन्युअलकडे धाव घेऊ नये, आधी हे बटण शिकावं. डायल हिरव्या ऑटोवरून ‘ए’ किंवा ‘एव्ही’वर आणायची. मग अपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक केवढं, ते आपण ठरवतो; शटर, म्हणजे उजेड किती वेळ आत येतो, ते कॅमेरा सांभाळतो. काळ्या मारबतीला उणे एक, पिवळीला अधिक पाऊण, आणि स्क्रीनवर पाहून थोडं इकडेतिकडे. एक स्टॉप अधिक म्हणजे उजेड दुप्पट, एक उणे म्हणजे निम्मा. एवढं हाताला वळण लागलं की पुढचं सगळं सोपं जातं.

मारबतीपेक्षाही हे बटण मला दीक्षाभूमीवर महत्त्वाचं वाटतं. 14 ऑक्टोबर 1956 च्या धर्मांतराच्या स्मरणार्थ दरवर्षी दसऱ्याला तिथे लाखोंचा समुदाय जमतो. त्यातले कितीतरी पांढऱ्या लुगड्यांत, पांढऱ्या सदऱ्यांत. मागे पांढरा घुमट. चौकटीत इतका पांढरा आला की मीटर उजेड कापतो आणि बळी पडतात ते चेहरे. उन्हात चालून आलेल्या म्हातारीचा सावळा चेहरा काळवंडतो, डोळे दिसेनासे होतात. मग पांढरं थोडं जळालं तरी चालेल, चेहऱ्यापुरतं एक अधिक करावं. फोटो त्या बाईचा आहे, तिच्या लुगड्याचा नाही.

शटर शिकायला नंदनवनजवळच्या जगनाडे चौकासारखी जागा नाही. डायल ‘एस’ किंवा ‘टीव्ही’वर घ्या. एक पंचशतांश सेकंदाला धावती मोटारसायकल जागीच थांबते. एक तिसांशाला, गाडीच्या वेगाने कॅमेरा फिरवत राहिलात, तर चालवणारा स्पष्ट आणि मागची दुकानं पट्ट्यापट्ट्यांची होतात. बरेच फोटो वाया जातात, जाऊ द्यावेत.

शटर आणि अपर्चर दोन्ही कॅमेऱ्यानेच ठरवायची सोय लेन्स बदलता येणाऱ्या एसएलआर कॅमेऱ्यांत रुळवली ती 1978 च्या कॅनन ए-1 ने. त्याआधीच्या कित्येकांचा भरवसा फिल्मच्या खोक्यावरच्या सूचनेवर असे: लख्ख उन्हात अपर्चर एफ/16 आणि शटर फिल्मच्या वेगाइतकं. हा वेग आयएसओच्या आकड्यात सांगतात; आयएसओ 100 ला साधारण एक सव्वाशेअंश सेकंद. वैशाखात नंदनवनातल्या कुठल्याही गच्चीवर हे ताडून पाहा, मीटर न पाहता फोटो नीट येतो. तोच उजेड एफ/5.6 आणि एक हजारांशालाही मिळतो, फक्त मागची पाण्याची टाकी धूसर होते. मॅन्युअल म्हणतात ते हेच, दोन आकड्यांची अदलाबदल आणि त्यातला कोणता हवा याचा निर्णय.

आता दिवाळी. ऑटोवर पणत्यांचा फोटो काढलात तर फ्लॅश उडतो आणि ज्योतीचा उजेड पार मरतो, दिसते ती फरशी. फ्लॅश बंद करा. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या साध्या 18-55 लेन्सवर आयएसओ 1600, एफ/3.5, एक तिसांश सेकंद, कोपर भिंतीला टेकवून; इथून सुरुवात करा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका, तो ज्योतीचा पिवळेपणा पुसायला बघतो, ‘डेलाइट’वर ठेवा. लक्ष्मीपूजनाला घरच्यांचे चेहरे घ्यायचे तर पणत्या त्यांच्या पुढ्यात, जवळ ठेवा आणि फोकस डोळ्यांवर धरा. अनारासाठी मात्र स्टँड हवाच: आयएसओ 100, एफ/11, शटर दोन सेकंद. अनार पेटवणाऱ्याला मागे सरकायला वेळ द्या, ठिणग्या पूर्ण उंचीला गेल्या की मगच बटण दाबा.