बारा आठवड्यांचा हिशेब

१२ आठवडे, किमान २ लक्षणं आणि १ पुरावा. जुनाट सायनुसायटिस ठरवायला नाक-कान-घशाचे डॉक्टर एवढंच मागतात. बंगळुरूत आलेल्या मराठी घरांत मात्र हे निदान बरंच स्वस्त आहे. पुण्याहून बदली होऊन आलेल्या माणसाला दुसऱ्या पावसाळ्यात चार दिवस शिंका आल्या की "इथली हवा मानवली नाही, सायनस झाला" हे ठरलेलं.

खरं तर सायनस 'होत' नाही, तो असतोच. गालांत, कपाळात, डोळ्यांच्या मधोमध आणि त्यांच्या मागे, अशा चेहऱ्याच्या हाडांत पोकळ्यांच्या ४ जोड्या असतात. त्यांचं अस्तर सुजणं हा आजार. आता लक्षणांचा हिशेब. नाक चोंदणं किंवा शेंबूड (तो मागे घशात उतरत असला तरी धरायचा), या दोनांपैकी एक हवंच. जोडीला दुसरं, नाहीतर चेहऱ्यावरचा दाब किंवा वास कमी होणं. हे सलग १२ आठवडे टिकलं आणि दुर्बिणीत किंवा सीटी स्कॅनमध्ये सूज दिसली, तर निदान पक्कं. साधी सर्दी बहुधा १० दिवसांत आवरते. विषाणूच्या शंभर सर्दींपैकी फार तर दोनांत पुढे जिवाणूंचा संसर्ग होतो. तरी आपल्याकडे तिसऱ्या दिवशी अँटिबायोटिकची पट्टी उघडलेली असते.

पुरावा मागितला की आकडा कसा आटतो ते पाहा. युरोपात २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत फक्त लक्षणं विचारली, तेव्हा १०.९ टक्के लोक या व्याख्येत बसले. लक्षणांना दुर्बीण किंवा स्कॅनची जोड दिली की हेच प्रमाण ३ ते ६ टक्क्यांवर येतं. भारतात १३.४ कोटी रुग्ण असल्याचं वर्षानुवर्षं छापलं जातं. तो आकडा मी तरी जपूनच वाचतो. उलट, एकट्या स्कॅनवरही भिस्त ठेवता येत नाही. सूज मोजायच्या ० ते २४ गुणांच्या मोजपट्टीवर, नाकाची काहीही तक्रार नसलेल्या माणसांचे सरासरी गुण ४ च्या आसपास निघाले होते. म्हणजे अहवालात 'अस्तर जाड' असं लिहून आलं, तरी लगेच आजारी समजू नये.

डोकेदुखीचा हिशेब तर आणखी वेगळा. 'सायनसची डोकेदुखी' असं स्वतः किंवा डॉक्टरांनी ठरवलेल्या २,९९१ जणांना अमेरिकेत २००४ साली तपासलं, तर ८८ टक्क्यांची डोकेदुखी अर्धशिशीच्या जातीची निघाली. कपाळ ठणकतंय पण नाक मोकळं आहे, वासही येतोय, तर संशय मायग्रेनवर घ्यावा.

मग बंगळुरूची हवा निर्दोष? तसंही नाही. ९२० मीटर उंचीवरची इथली थंडी नाकाला झोंबते, पण थंडी म्हणजे आजार नव्हे. जास्त दोष काँग्रेस गवताकडे जातो. हे गाजर गवत १९५०च्या दशकात पुण्यात नोंदलं गेलं आणि पुढे दख्खनभर रिकाम्या प्लॉटांवर माजलं. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या बंगळुरूच्या अभ्यासात, ॲलर्जिक सर्दीच्या रुग्णांपैकी ३४ टक्क्यांच्या त्वचेने या गवताच्या परागांना प्रतिसाद दिला. शहरातल्या सुमारे ७ टक्के लोकांना त्यानेच सर्दी होते, असंही आढळलं. इथलेच बालरोगतज्ज्ञ डॉ. एच. परमेश यांच्या नोंदींत मुलांमधला दमा १९७९ मध्ये ९ टक्के होता, १९९९ मध्ये २९.५ टक्के. हे दवाखान्यात आलेल्या मुलांचे आकडे आहेत, साऱ्या शहराचे नव्हेत. पण चढण दिसते. त्यात शहरातली वाहनं आता एक कोटीच्या वर गेलीत. हवेतल्या बारीक धूलिकणांची आपली वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची ५. मात्र शिंका, डोळ्यांना खाज आणि पाण्यासारखं नाक ही ॲलर्जी. ती सायनसच्या सुजेला खतपाणी घालू शकते, पण दोन्हींची औषधं डोळे मिटून अदलाबदल करू नयेत.

सूज इतकी चिवट का, हे गालातल्या पोकळीवरून कळतं. तिच्यात साधारण १५ मिलिलिटर हवा मावते, आणि निचऱ्याचं भोक आहे काही मिलिमीटरचं, तेही वरच्या बाजूला. मोरीचं तोंड छताजवळ बांधावं, तसं. उभ्या माणसात शेंबूड चढणीवर ढकलायचं काम अस्तरावरचे सूक्ष्म केस करतात, सेकंदाला दहा-पंधरा झटके देत. भोकापाशी सूज आली की सगळं आत कोंडतं.

म्हणून पहिला उपाय धुण्याचा. इंग्लंडमध्ये ८७१ रुग्णांवर वाफारा आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणं, दोन्ही ताडून पाहिलं. धुण्याने फरक पडला. वाफाऱ्याने डोकेदुखी थोडी कमी झाली, बाकी काही नाही. आजीची माफी मागून सांगतो. जलनेती आपल्याकडे जुनीच, फक्त पाणी उकळून कोमट केलेलं हवं. २०११ साली अमेरिकेत नळाच्या पाण्याने नाक धुणारे दोघं मेंदू खाणाऱ्या अमीबाने दगावले. एक लिटरला ९ ग्रॅम मीठ. बेसिनवर वाकायचं, तोंड उघडं ठेवायचं, एका नाकपुडीत बाटली हळू दाबायची. पाणी दुसरीतून उतरतं. झोंबलं तर मीठ चुकलंय किंवा पाणी गार आहे.

त्यानंतर स्टेरॉइडचा फवारा. डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने मारायचा, म्हणजे टोक मधल्या पडद्याकडे न जाता कानाकडे वळतं; पडद्यावर मारत राहिल्यास रक्त येतं. मारल्यावर जोरात ओढायचं नाही, नाहीतर औषध घशात. फायदा जोखायला ८ ते १२ आठवडे द्यावे लागतात, आणि बहुतेक जण दहाव्या दिवशीच सोडतात. त्याऐवजी मिनिटात नाक उघडणारे थेंब आवडतात. ते आठवड्याच्या पुढे गेले की नाक त्यांच्याशिवाय उघडेनासं होतं.

एकाच बाजूने वाहतंय आणि घाण वास येतोय, तर वरच्या दाढांचा एक्स-रे आधी काढावा. गालाच्या सायनसच्या सुजेत दहात एक तरी दातातून आलेली, असा जुना अंदाज आहे. एका बाजूने रक्त, डोळ्याभोवती सूज किंवा दुहेरी दिसणं यात मात्र १२ आठवडे मोजत बसायचं नाही.

हे सगळं नेमाने करूनही भागलं नाही, तर दुर्बिणीची शस्त्रक्रिया. ती वाटा रुंद करते, सुजण्याचा स्वभाव बदलत नाही: नाकात पॉलिप (सुजेचे मऊ कोंब) असलेल्यांपैकी सुमारे ४० टक्क्यांत दीड वर्षात ते पुन्हा दिसले. त्यामुळे ऑपरेशननंतरही मिठाच्या पाण्याची बाटली बेसिनवरच राहते. फरक एवढाच, की आता पाणी पोकळीच्या आतपर्यंत पोचतं.